बाईंच्या स्मरणविधीसाठी लेख लिहायचा आहे. सुरुवात कोठून करावी?

शाईपेन (प्रश्न)

मला शाळेत सलग चार वर्षे गणित शिकवणाऱ्या बाई गेल्या महिन्यात प्रभूवासी झाल्या. स्मरणविधीत वाचण्यासाठी दोन पानांचा लेख लिहून द्यावा, असे त्यांच्या मुलीने मला सांगितले आहे, आणि इतक्या विश्वासाने सोपवलेले काम नाकारणे मला शक्य नव्हते. अडचण अशी की बाईंचे शाळेतले आयुष्य मी जवळून पाहिले. मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, मात्र ऐकूनच माहीत आहे, कारण मी स्वतः ख्रिस्ती नाही. मुलीने दिलेल्या टिपणात संडे स्कूलची (चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गाची) २७ वर्षे, गायनवृंद, रुग्णांच्या भेटी, प्रौढ साक्षरतेचा वर्ग, रक्तदान शिबिरे असे सगळे क्रमाने आहे. ते जसेच्या तसे मांडून पाहिले, तर एखाद्या संस्थेचा वार्षिक अहवाल वाचल्यासारखे वाटते आणि बाई त्यात कुठेच दिसत नाहीत.

शिवाय बाईंना कौतुक मुळीच खपत नसे. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातले वचन त्यांनी आम्हालाही एकदा ऐकवले होते. त्यांची कामे भर सभेत वाचून दाखवणे त्यांच्या मनाविरुद्ध होईल का?

घंटानाद

मी आमच्या मंडळीचे चिटणीसपद बरीच वर्षे सांभाळले आहे, म्हणून आधी व्यवहाराचे सांगतो. लेख नेमका कोणत्या विधीत वाचायचा आहे, हे पाळकांना किंवा धर्मगुरूंना आजच विचारून घ्या. रोमन कॅथलिक अंत्यविधीच्या मिस्सात (मुख्य उपासनाविधीत) प्रवचन हे शास्त्रवाचनांवर आधारलेले असावे, मृत व्यक्तीचा गुणगौरव त्याची जागा घेऊ नये, असा स्पष्ट नियम आहे. आप्तस्नेह्यांपैकी कोणी आठवणीचे थोडके शब्द बोलणार असेल, तर ते कम्युनियननंतर (पवित्र भाकरीच्या प्रसादानंतर), निरोपाच्या अखेरच्या प्रार्थनेआधी बोलते. स्वतंत्र स्मरणविधी असेल तर बहुधा अधिक मोकळीक मिळते. दोन पाने सावकाश वाचायला पाच-सहा मिनिटे लागतात आणि तेवढी पुरेशी असतात.

आपण ख्रिस्ती नाही याची चिंता करू नका, फक्त मंडळीची भाषा उसनी घेऊ नका. बाईंच्या श्रद्धेविषयी मंडळीतले लोक बोलतीलच. वर्गातल्या बाई तुमच्याशिवाय दुसरे कोण सांगणार?

पायवाट

आपल्या दोन्ही प्रश्नांच्या संदर्भात मला बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा नववा अध्याय आठवतो. यापो नगरात टबीथा, म्हणजेच दुर्कस, नावाची एक शिष्या राहत असे आणि गोरगरिबांसाठी ती सतत काही ना काही करत असे. ती आजारी पडून वारली, तेव्हा जवळच्या लोद गावाहून येशूचा शिष्य पेत्र याला बोलावून घेतले. तो माडीवर आला, तर तिथे जमलेल्या विधवा रडत होत्या आणि दुर्कस त्यांच्यात असताना तिने शिवलेले अंगरखे नि वस्त्रे त्याला दाखवत होत्या. तिने किती वर्षे सेवा केली, किती जणींना मदत केली, यातले काहीही त्या प्रसंगात नाही. हातात धरलेले कपडे मात्र आहेत. माझ्या मते बायबलमधला हा सर्वांत हृद्य स्मरणविधी आहे, आणि तो दुर्कसने स्वतःविषयी बोलून नव्हे, तर ज्यांना मिळाले त्यांनी दाखवून घडवला आहे. उजव्या-डाव्या हाताचे वचन देणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्याने गप्प राहावे, असे त्यात कुठेच म्हटलेले नाही.

म्हणून मुलीचे टिपण बाजूला ठेवून चार-पाच जणांना भेटा आणि "बाई कशा होत्या?" असे विचारू नका, कारण त्यावर "फार प्रेमळ होत्या" एवढेच उत्तर येते. "बाईंनी दिलेले किंवा केलेले काही तुमच्याकडे अजून आहे का?" असे विचारून पाहा.

साक्षरता वर्गातली एखादी आजी भेटली तर तिच्याजवळ निवांत बसा. मीही असा वर्ग घेतला आहे. साठीच्या पुढची बाई पहिल्यांदा पेन्सिल धरते, तेव्हा ती इतकी घट्ट धरते की टोक मोडते, आणि शिकवणाऱ्याला तिच्या मनगटाखाली आपला हात ठेवून ते सैल होईपर्यंत थांबावे लागते. ते थांबणे टिपणात कधीच येत नाही.

जुनी नोंदवही

वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे, तरी वर्षे आणि पदे पूर्ण गाळू नयेत, असा माझा आग्रह आहे. अशा कामाची नोंद सहसा कोणी ठेवत नाही आणि पुढच्या पिढीला नावसुद्धा उरत नाही. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या, बायबलमधल्या पत्राचा सोळावा अध्याय पाहा: किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी, पुष्कळ श्रम केलेली मरिया, पर्सिस अशी २० हून अधिक नावे त्याने आवर्जून घेतली आहेत आणि काहींपुढे त्यांचे काम एकाच ओळीत सांगितले आहे. तसा एक परिच्छेद शेवटी ठेवा.

शिवाय शाळा आणि मंडळी ही दोन वेगळी दालने समजू नका. इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे १७८० मध्ये रॉबर्ट रेक्स यांनी रविवारची शाळा सुरू केली, ती आठवड्याचे सहा दिवस काम करणाऱ्या गरीब मुलांना वाचायला शिकवण्यासाठी. सुट्टीच्या एकमेव दिवशीही पुन्हा वर्गात उभ्या राहणाऱ्या तुमच्या बाई त्याच वाटेवरच्या होत्या.

सांजवेळ

एकच सूचना करते. ज्यांना गुप्तपणे मदत झाली, त्यांची ओळख पटेल असा कोणताही तपशील त्यांच्या संमतीशिवाय वाचू नका. बाईंनी आयुष्यभर राखलेला संकोच आपल्या हातून मोडला जाऊ नये.

शाईपेन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल बाईंच्या घरी जाऊन "काही अजून आहे का?" एवढेच विचारले. मुलीने कपाटातून एका बाजूने कोरे असलेले कागद कापून, जाड सुईने पांढऱ्या दोऱ्यात शिवलेल्या सात वह्या काढल्या. आमच्या चाचणी परीक्षांचे कागद बाई घरी नेत, ते रद्दीत जात असावेत, असे मला इतकी वर्षे वाटत होते. संडे स्कूलच्या मुलांसाठी त्या या वह्या शिवत. एका वहीत डावीकडे कोणाचे तरी चुकलेले त्रैराशिक आहे आणि समोरच्या पानावर एका मुलाने काढलेली नोहाची नाव.

लेखाची सुरुवात या वहीपासूनच केली आहे. ज्यांच्याकडे अशा वह्या असतील त्यांनी त्या स्मरणविधीला घेऊन याव्यात, असा निरोप पाळकांनी रविवारच्या उपासनेत द्यायचे कबूल केले आहे. दाराजवळ त्यासाठी एक टेबल मांडून ठेवणार आहोत.