पिंजऱ्याशिवायही शार्क दिसतात

कुणीतरी लिहिलंय की मोठे शार्क बघायचे तर दक्षिण आफ्रिकेत जाऊन पिंजऱ्यातच उतरावं लागतं. ते ग्रेट व्हाइट या जातीच्या शार्कचं झालं, तो सहसा पिंजऱ्यातूनच बघतात. मालदीवच्या अगदी दक्षिणेला, विषुववृत्तापलीकडे फुवाहमुला नावाचं एकटं बेट आहे. तिथे टायगर शार्क वर्षभर दिसतात, तेही बंदराच्या तोंडाशीच. कारण साधं आहे: कोळी मासे साफ करून डोकी-आतडी तिथेच पाण्यात टाकत आले, मग शार्कना पत्ता सापडला. आता डाइव्हवालेही आमिष ठेवतात. मला ते फारसं रुचत नाही, पण पाण्यात असताना हे तत्त्वज्ञान सुचत नाही हेही खरं!

खाली पाठ टेकवायला खडक शोधायचा, हात अंगाशी घट्ट धरायचे आणि नजर शार्कवर ठेवायची. चौकोनी बोथट थोबाड, बाजूला विरत गेलेले पट्टे, आणि तो काळाभोर डोळा. घाई अजिबात नाही. पाठ फिरवलीत की मात्र जवळ येतो. नवख्यांनी थोडे डाइव्ह गाठीशी बांधूनच जावं.

मालदीवने 2010 मध्ये शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली, त्याचा फायदा दिसतो.

शांत प्रकृतीचा शार्क हवा असेल तर फिलिपिन्समधलं मालापास्कुआ बेट. पहाटे उठायची तयारी ठेवा. अंगाइतकीच लांब शेपटी असलेले थ्रेशर शार्क तिथे छोट्या माशांकडून अंग साफ करून घ्यायला येतात. फ्लॅश चालत नाही.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "मोरीचं (म्हणजे शार्कचं) मटण खाणाऱ्यांना मोरीने सोडलं म्हणजे नशीबच!"