मदत हवी आहे: छोट्या एजन्सीत ब्रँडिंगच्या कल्पना कशा काढाव्यात?

नमस्कार. आमच्या छोट्या मार्केटिंग एजन्सीत ब्रँडचे नाव, बोधचिन्ह आणि घोषवाक्य यांवर सगळे एकत्र बसून चर्चा करतात; मात्र पहिली कल्पना मांडली गेली, आणि विशेषतः ती वरिष्ठांची असली, की उरलेला वेळ तिच्याभोवतीच फिरत राहतो. ॲलेक्स ऑस्बॉर्न या जाहिरात व्यावसायिकाने रूढ केलेल्या ब्रेनस्टॉर्मिंगची (गटाने एकत्र बसून सुचतील त्या कल्पना मांडण्याच्या पद्धतीची) येल विद्यापीठात १९५८ साली तपासणी झाली, तेव्हा एकेकट्याने विचार करणाऱ्यांच्या एकत्रित कल्पना तेवढ्याच माणसांच्या गटापेक्षा अधिक भरल्या होत्या. त्यामुळे दोष केवळ आमच्या माणसांचा नसावा.

सहा जणांनी पाच मिनिटांत प्रत्येकी तीन कल्पना लिहून कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा, ही ६-३-५ पद्धत मला पटते. पण आम्ही चारच जण आहोत आणि त्यांतील एक हिशेब सांभाळतो (त्याच्याच कल्पना बहुधा सर्वांत ताज्या असतात, हे वेगळे). इतक्या कमी माणसांत ती कोणी राबवली आहे का, आणि लिहून झाल्यावर निवड कोणी व कोणत्या निकषांवर करावी? ब्रँडची ओळख ठरवणारे ब्रीफ (कामाची लेखी रूपरेषा) आधी किती नेमके असावे, हेही अनुभवातून सांगितल्यास आभारी राहीन.