फुप्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज: आधार कुठून मिळाला, अनुभव सांगा

गोव्यात राहणाऱ्या किंवा इथून मुंबईला उपचारांसाठी ये-जा केलेल्या मंडळींसाठी हे. 'आता पूर्ण बरं होणार नाही' असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्यावर प्रत्यक्षात कोण उपयोगी पडलं आणि कसली आशा धरता आली, ते लिहा. 'अमक्याने काढा घेतला नि ठणठणीत झाला' हे मात्र नको. ते ऐकवायला शेजारी आहेतच.

सुरुवात मीच करते. बाबा निवृत्त शिक्षक, फोंडा. आयुष्यात विडी ओढली नाही, त्यामुळे खोकल्याकडे कुणी तशा नजरेने पाहिलंच नाही. आधी टीबीची औषधं झाली. मग छातीत पाणी भरलं, ते काढून तपासलं तेव्हा कळलं: अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार, हाडांत पसरलेला. मामा, काका, आत्या सगळ्यांचा एकमुखाने ठराव झाला, त्यांना सांगायचं नाही. बाबांनी फाइल मागून घेतली, चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि विचारलं, "म्युटेशनची टेस्ट पाठवलीय का?" पेपरात कधीतरी वाचलेलं त्यांच्या लक्षात होतं. ठराव तिथेच बारगळला.

टेस्टमध्ये ईजीएफआर पॉझिटिव्ह आलं, म्हणजे गाठीत त्या नावाच्या जनुकात बदल (म्युटेशन) होता. आपल्याकडे या प्रकारच्या कॅन्सरच्या साधारण पाव रुग्णांत तरी हा बदल सापडतो, विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत जास्त. मग केमोऐवजी रोज एक गोळी. काही आठवड्यांतच बाबा जिना चढायला लागले. डॉक्टरांनी बजावलं होतं की गोळी चालेल तोवर चालेल, पुढे गाठ आपली वाट काढते. मिळालेल्या वेळात बाबांनी जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरचं जुनं नाव दुरुस्त करून घेतलं, भावाभावांतला अबोला मोडला आणि जत्रेच्या नाटकाच्या तालमींना जाऊन बसले. प्रॉम्प्टर म्हणून! खोकला आला की पोरं स्वतःच पुढचं वाक्य म्हणायची. त्या वर्षी सगळ्यांचं पाठांतर चोख झालं, असं आजही गावात सांगतात. टेस्टविषयी एवढंच सांगेन: बायोप्सी झाली की ईजीएफआर, एएलके वगैरे जनुकांच्या तपासण्यांचं आपणहून विचारा.

डिचोली, मी स्वतः पेशंट

मी पण गोळीवरच आहे. गोळी म्हटली की लोकांना सोपं वाटतं. तोंडभर पुरळ, पोट बिघडलेलं आणि नखांच्या कडा पिकतात. बांगडे साफ करताना मीठ त्या चिरेत गेलं की डोळ्यांपुढे काजवे. माझी जाऊ हे बघून गेली आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी येऊन मासळी साफ करून, मीठ-हळद लावून ठेवते. तब्येतीचं चकार शब्दाने विचारत नाही. बाजारात कोण काय भावाने देत होतं तेवढं सांगते नि जाते. मला याहून मोठा आधार कुणाचा नाही.

उलट 'तू लढ, तू वाघीण आहेस' म्हणणाऱ्यांचा वैताग येतो. अहो, मी गोळी घेते, उकड्या तांदळाची पेज जेवते, दुपारी झोपते. यात लढाई कुठली? उद्या स्कॅन बिघडला तर मी कमी पडले म्हणणार का? स्कॅनच्या आधीचा आठवडा फार वाईट जातो, तेव्हा घरात कुणी माझ्या नादाला लागत नाही. बाकी दिवस बरे जातात. चतुर्थीला माटोळी, गणपतीवर टांगतात ती फळा-पानांची चौकट, मीच बांधून घेतली. खुर्चीत बसून हुकूम सोडत होते.

वास्को, पत्नी

"विडी ओढायचे काय?" पहिला प्रश्न प्रत्येकाचा हाच. हो, ओढायचे. मग? त्याने त्यांना दम कमी लागतो काय?

दम लागणं हे वेदनेपेक्षा भयंकर. माणूस घाबरतो, घाबरला की अजून दम लागतो. आम्हांला उपयोगी पडलं ते एका नर्सबाईंनी दाखवलेलं: बॅटरीवरचा छोटा पंखा गालाजवळ, नाकासमोर धरायचा, उशा लावून पुढे झुकून बसवायचं. खोटं वाटेल, पण फरक पडतो. पुढे डॉक्टरांनी मॉर्फिन अगदी थोड्या प्रमाणात सुरू केलं. सासूबाई म्हणाल्या, हे म्हणजे शेवट आला. तसं नव्हतं. ते शांत झोपायला लागले, सकाळी चहा मागायला लागले. फक्त पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, नाहीतर वेगळेच हाल.

शेवटी लोटलीच्या शांती आवेदना सदनात होतो, शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांना सांभाळतात तिथे. पैसे घेत नाहीत. नातेवाईक म्हणाले, नवऱ्याला टाकलं. टाकलं नाही हो. तिथे मला पहिल्यांदा नर्स न होता बायको होऊन बसता आलं.

पेडणे, मुलगा

प्रवासाबद्दल लिहितो, कारण ते कुणी सांगत नाही. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये जायचं असेल तर कोकणकन्या एक्सप्रेस दादरला सोडते. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही दोन नावं लक्षात ठेवा. जागा लगेच मिळेलच असं नाही, आधी चौकशी करा. हॉस्पिटलकडून रेल्वे सवलतीचा फॉर्म भरून घ्या. उपचारांसाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं लागत नाही, सोबत्यालाही मोठी सूट मिळते. इथल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड (२०१६ पासून आहे) नूतनीकरण झालंय का ते बघा, आणि तुमचा उपचार त्यात बसतो का हे सुरू करण्याआधीच काउंटरवर विचारा.

आशेबद्दल मला फारसं लिहिता येणार नाही. आईला खिडकीची सीट आवडायची, रत्नागिरी येईपर्यंत ती झोपायची नाही. एवढंच.

पणजी, पॅलिएटिव्ह केअरमध्ये (रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या सेवेत) काम करते

वास्कोच्या ताईंच्या सासूबाईंसारखंच बहुतेकांना वाटतं, की पॅलिएटिव्ह म्हणजे हात टेकले. २०१० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्याच रुग्णांचा. ज्यांना निदान झाल्यापासून नेहमीच्या उपचारांबरोबर ही सेवाही मिळाली, त्यांचं नैराश्य कमी होतं, दिवस बरे जात होते. त्यांच्या आयुष्याचा मध्यक (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) ११.६ महिने होता, इतरांचा ८.९. शेवटच्या काळात त्यांच्यावर जोरकस उपचार कमी झाले, तरीही. म्हणून आमच्याकडे शेवटच्या आठवड्यात धावत येऊ नका. केमो किंवा गोळी चालू असतानाच या.

दुसरं, घरात बोलता येत असेल तर लिव्हिंग विल, म्हणजे पुढे स्वतः सांगता आलं नाही तर कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्यता दिली, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. गोव्यात २०२४ मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं करून सुरुवात करून दिली. व्हेंटिलेटर लावायचा का, हे रात्री दोन वाजता आयसीयूच्या दाराशी मुलांनी भांडून ठरवण्यापेक्षा हे बरं. मी ती भांडणं पाहिलीत.

मडगाव

सगळं वाचलं. आईचं निदान नुकतंच झालंय, बांबोळीला सरकारी मेडिकल कॉलेजात दाखवतोय. तिला सांगावं की नाही, यावरून घरात दोन तट. शिवाय रात्री ऑक्सिजन लागेल म्हणालेत, मशीन विकत घ्यावं की भाड्याने? सुचत नाही.

फोंडा, मूळ लेखिका

तुम्ही सांगू नका, तिला विचारा: "तुला किती जाणून घ्यायचंय?" काहींना सगळं हवं असतं, काही म्हणतात डॉक्टर नि तुम्ही बघा. दोन्ही चालतं. ती जे म्हणेल ते दोन्ही तटांना ऐकवा. मशीन घेऊ नका, बाबांचा कॉन्सन्ट्रेटर माझ्याकडे पडून आहे. किती लिटर सांगितलंय ते डॉक्टरांकडून लिहून आणा, पाच लिटरपर्यंत चालतो. वीज जाते तेव्हासाठी सिलिंडर मात्र वेगळा बघून ठेवा. रविवारी या, सोबत कुणाला तरी आणा, जड आहे.