मदत हवी आहे: मुलाचे निराधारचे पैसे बंद, सांभाळणाऱ्याचा भत्ता कुठे मागायचा?

अबोली
चार महिने झाले पैसे बंद आहेत. तहसीलला गेलं की म्हणतात सिव्हिलचा कागद आणा. सिव्हिलला गेलं की डॉक्टर नाहीत, पुढच्या बुधवारी या. असे सहा बुधवार गेले. परवा लिफ्ट बंद होती, ह्यांनी आणि मी त्याला खुर्चीसकट पहिल्या मजल्यावर चढवलं, तर खोलीला कुलूप. आता कुणी तरी सांगितलं की सांभाळणाऱ्याला वेगळा भत्ता असतो. तहसीलच्या बाईंनी ते नावसुद्धा ऐकलेलं नाही. कोणता फॉर्म, कुठे भरायचा? लवकर सांगा, उद्या परत जायचंय.

रानफूल
ताई, मुलगा किती वर्षांचा? अपंगत्वाचे टक्के किती? त्याचं प्रमाणपत्र कायमचं की तात्पुरतं? पैसे संजय गांधी निराधारचे की केंद्राचे?

निवृत्त अव्वल कारकून
हयातीचा दाखला राहिला असेल. मी तहसीलात आयुष्य काढलं, बहुतेक वेळा तेच निघतं. खातं आधारला जोडलंय का तेही बघा.

अबोली
दाखला दिलाय, आधारही जोडलंय. निराधारचेच. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे.

भटक्या
एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, ती घेता ना?

कलमवाला
भत्त्याचं नाव कायद्यात आहे. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६, कलम २४: जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तीसाठी काळजीवाहू भत्ता. पण त्याच कलमात 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' असंही लिहिलंय. सरकारने योजना काढून पैसे ठेवल्याशिवाय तहसीलदार ते कुठून देणार? त्या बाईंवर चिडू नका.

सह्याद्री
कायदा दिल्लीने केला, तर पैसेही दिल्लीने द्यावेत. केंद्राचं दिव्यांग निवृत्तिवेतन ८० टक्के किंवा जास्त असणाऱ्यांना, तेही दारिद्र्यरेषेखालच्यांना, आणि महिना ३०० रुपये. २०१२ पासून तेवढंच.

कलमवाला
दिव्यांगांना साहाय्य आणि दवाखाने, दोन्ही विषय घटनेच्या राज्यसूचीत आहेत. महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग २०२२ मध्ये झाला. दिल्लीकडे बोट दाखवून राज्य सुटत नाही.

सह्याद्री
आणि जीएसटीचा वाटा? राज्याच्या हातात उरतं काय?

कोचीत मराठी
केरळमध्ये आश्वासकिरणम आहे, अंथरुणाला खिळलेल्याला सांभाळणाऱ्याला महिना ६०० रुपये. तेही थकतात, पण निदान मागायला खिडकी आहे. लाडकी बहीणला १५०० निघाले, मग हे का निघत नाहीत?

रानफूल
लाडकी बहीणवर वेगळे धागे आहेत, तिकडे बोला. अबोलीताई, वय?

अबोली
१९ पूर्ण. ८० टक्के. प्रमाणपत्र तो १६ वर्षांचा असताना केलं होतं, तात्पुरतं, तीन वर्षांचं. ते संपलं आणि पैसे थांबले.

रानफूल
हे आधी सांगायला हवं होतं. तुमचे पैसे तहसीलात अडकलेले नाहीत, दवाखान्यात अडकलेत. प्रमाणपत्र देणारं डॉक्टरांचं बोर्ड बसत नाही म्हणून कागद नाही, कागद नाही म्हणून अनुदान नाही. भत्त्याचा फॉर्म उद्या शोधू नका, आधी प्रमाणपत्र.

वॉर्डातली
मी एका सिव्हिलमध्ये नर्स आहे. हाडांचे डॉक्टर एकच. सकाळी ओपीडी, मग ऑपरेशन, मध्येच कोर्टात साक्षीला जातात. त्या दिवशी बोर्ड बसतच नाही. कुणी मुद्दाम कुलूप लावत नाही.

कलमवाला
कलम २५ म्हणतं की दिव्यांगांना तपासणीत प्राधान्य द्या आणि दवाखान्यात कुठेही अडथळा नको. डॉक्टर एकच असेल तर जागा भरणं सरकारचं काम. आईने सहा हेलपाटे घालणं हे त्याचं उत्तर नाही.

वॉर्डातली
जागा भरा हेच तर आम्हीही सांगतोय.

अबोली
भांडू नका. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात फिजिओ होते तोवर आठवड्यातून दोनदा नेत होते. त्यांची बदली झाली, जागा रिकामीच. आता त्याचे गुडघे सरळ होत नाहीत. लंगोट बदलताना मांड्या उघडत नाहीत, एकाने धरायचं, दुसऱ्याने पुसायचं. आधी हे मी एकटी करायचे. आता ह्यांना कामावर उशिरा जावं लागतं, म्हणून भत्त्याचं विचारलं.

निवृत्त अव्वल कारकून
समजलं ताई. माझा पहिला सल्ला चुकला. दिव्यांगांसाठी निराधारचे आता २५०० झालेत. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आतलं लागतं. उत्पन्नाचा दाखला नवा काढून ठेवा, नाही तर तिथे परत अडेल.

रानफूल
जिल्ह्याच्या सिव्हिललाच जायला हवं असं नाही. ज्या सरकारी रुग्णालयात उपचार झाले तिथेही अर्ज चालतो. दिव्यांग प्रमाणपत्राच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करताना तेच रुग्णालय निवडा. 'कायमस्वरूपी द्या' असं लेखी मागा. जास्त आधाराची गरज आहे म्हणून कलम ३८ खाली वेगळा अर्ज करा, भत्त्याची मागणी त्यातच लिहा. सहा बुधवारांच्या तारखा टाकून एक पत्र पुण्याला दिव्यांग आयुक्तांना.

अबोली
टाचेचं ऑपरेशन मेडिकल कॉलेजला झालं होतं, २०१४ ला. डिस्चार्ज कार्ड आहे. चालेल का? की नवा केसपेपर काढू?

रानफूल
दोन्ही न्या. कार्डाची झेरॉक्स द्या, मूळ हातातून सोडू नका. आणि आधी फोन करून लिफ्ट चालू आहे का विचारा.