विषय: सहलीसाठी बेक्ड बीन्स, पोर्कशिवाय

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,

जुलैच्या सहलीला यंदा शेजारची अमेरिकन कुटुंबंही येणार आहेत. बॉस्टनची सहल म्हणजे बेक्ड बीन्स हवेतच, असा बऱ्याच जणांचा आग्रह आहे. पण पारंपरिक कृतीत खारवलेलं डुकराचं मांस असतं, आणि ‘व्हेजिटेरियन’ लिहिलेले डबे आणून पाहिले तर ते नुसतेच गोड. आपल्यातली दोन घरं पूर्ण व्हीगन आहेत, म्हणजे तूप, लोणी, मधसुद्धा नाही. घरी कुणी करतं का? कृती कळवाल का?

---

प्रेषक: क्विन्सीच्या काकू
विषय: उत्तर: सहलीसाठी बेक्ड बीन्स, पोर्कशिवाय

पोरांनो,

मी करते, आणि मनापासून करते. पोर्क काढलं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं की चव पडते, कारण त्या तुकड्याकडे तीन कामं असतात: स्निग्धपणा, खारटपणा आणि मांसाची खोल चव. ही तिन्ही कामं दुसऱ्या कुणीतरी करायला हवीत. तेलात हात आखडू नका, ४५० ग्रॅम बीन्सना ३ मोठे चमचे तेल लागतंच. खारटपणा आणि खोली मिसोतून, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट जपानी पेस्टमधून येते, १ मोठा चमचा पुरे. दीड चहाचा चमचा स्मोक्ड पापरिका (धुरावलेल्या लाल मिरचीची पूड) घातली की धुराचा वास येतो. आपलं लाल तिखट इथे चालणार नाही, त्यात धूर नसतो.

बीन्स घ्यायचे ते नेव्ही बीन्स, बारीक पांढरे. रात्रभर भिजवताना पाण्यात मोठा चमचाभर मीठ घाला. मिठामुळे दाणे शिजत नाहीत हा समज चुकीचा आहे, उलट सालं मऊ होतात. ते पाणी सकाळी फेकून द्या. मग प्रेशर कुकरमध्ये ६ ते ८ मिनिटं, वाफ आपोआप जिरू द्या. दाणा बोटांत चेपला गेला पाहिजे, पण अख्खा राहिला पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोलॅसिस, म्हणजे साखर काढून उरलेला उसाचा काळा पाक, दाणे शिजल्यावरच घालायचं. त्यातला आंबटपणा आणि कॅल्शियम दाण्याचं साल घट्ट धरून ठेवतात. कच्च्या दाण्यांत घातलंत तर ते तासन् तास शिजतच राहतात. शिजलेल्या दाण्यांत मात्र हाच गुण उपयोगी पडतो, ओव्हनमध्ये इतका वेळ राहूनही पिठलं होत नाही. टोमॅटो आणि व्हिनेगरलाही हाच नियम.

पाव कप मोलॅसिस, पाव कप मेपल सिरप, २ चहाचे चमचे मोहरीची पूड, तळाला अख्खा सोललेला कांदा, आणि दाणे बुडतील एवढं गरम पाणी. जड बुडाच्या झाकणाच्या भांड्यात ३०० फॅरनहाइटला ३ तास. मधूनमधून पाणी बघा. शेवटचा पाऊण तास झाकण काढा, वर गडद साय धरते. उतरवल्यावर चमचाभर अ‍ॅपल सायडर व्हिनेगर. ब्लॅकस्ट्रॅप मोलॅसिस नको, फार कडू. इंडियन स्टोअरमध्ये काकवी मिळाली तर निम्मं मोलॅसिस, निम्मी काकवी. काकवी अख्ख्या रसाची असते, साखर काढून उरलेली नसते, म्हणून तिचा गोडवा मऊ लागतो.

इथल्या प्युरिटन लोकांचा, म्हणजे इंग्लंडहून आलेल्या कडक ख्रिस्ती वसाहतवाल्यांचा, सब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस) शनिवारच्या सूर्यास्ताला सुरू व्हायचा. मग चूल पेटवायची नाही, म्हणून बीन्सचं मडकं आधीच भट्टीत. शनिवारी रात्री बीन्स, ही रीत त्यातूनच आली. मेन राज्यात तर जमिनीत खड्डा खणून, निखाऱ्यांवर भांडं ठेवून वरून माती लोटतात आणि रात्रभर तसंच ठेवतात. अलिबागकडच्या माणसाला पोपटीच (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) आठवेल.

काकू

---

प्रेषक: नॅशुआहून
विषय: उत्तर: उत्तर: सहलीसाठी बेक्ड बीन्स, पोर्कशिवाय

काकू, नमस्कार. कृती जपून ठेवली. थोडी भर घालतो.

कुणी नेव्ही बीन्सऐवजी राजमा घेणार असेल तर कच्चा राजमा सरळ स्लो कुकरमध्ये टाकू नका. त्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं, ते मंद आचेवर मरत नाही, आणि थोडेच अर्धवट शिजलेले दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात. आधी खळखळ उकळून घ्या, निदान अर्धा तास.

दुसरं, सगळ्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचा. वूस्टरशायर सॉसमध्ये मासे असतात, आणि बार्बेक्यू सॉसमध्येही तो बऱ्याचदा असतो. ग्लूटेन न चालणारं कुणी असेल तर मिसो तांदळाचा आहे का ते बघा. हिंगाची चिमूट टाकणार असाल तर डबीही तपासा, त्यात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

---

प्रेषक: सहल समिती

काकू, दादा, मनापासून आभार.

आदल्या दिवशी संध्याकाळी वॉटरटाउनला दोन ओव्हनमध्ये करू. शिळे बीन्स जास्त मुरतात म्हणतात, ते खरं का काकू? गरम करताना पाणी किती घालायचं तेही सांगा. झाकणाची जड भांडी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी याच मेलला उत्तर द्या. बरोबर ब्राउन ब्रेडही करणार आहोत, ताकाऐवजी सोया दुधात व्हिनेगर घालून.

---

प्रेषक: क्विन्सीच्या काकू

हो, दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतात. अर्धा कप उकळतं पाणी, मंद आच, आणि डाव तळापासून हलक्या हाताने फिरवा. माझं बिडाचं भांडं घेऊन जा, पण धुताना साबण नको.