चर्चचा निकाल हाती आला, तरी कोर्ट सुटत नाही
एका ताईंनी विचारलंय, कॅथलिक चर्चनं लग्न रद्दबातल ठरवलं, मग कोर्टात कशाला जायचं? ताई, कृपा करून तिथे थांबू नका. नागपुरात दोन्हीकडची कामं करणाऱ्या एका वकिलांकडे मी ज्युनिअर होतो. मॉली जोसेफ खटल्यात सुप्रीम कोर्टानं 1996 सालीच स्पष्ट केलंय की चर्चच्या निकालानं कायद्यातलं लग्न सुटत नाही. त्या भरवशावर दुसरं लग्न केलंत तर ते टिकणार नाही.

सर एकाच पक्षकाराच्या दोन फायली ठेवत, कारण प्रश्नच वेगळे. चर्च विचारतं, वेदीसमोर 'हो' म्हणताना संमती खरी होती का? घटस्फोट मागितला की कोर्ट मुख्यतः पाहतं, लग्नानंतर काय घडलं. शिवाय नवरा-बायको दोघं राजी असली तरी चर्चमध्ये विवाहबंधनाची बाजू मांडायला स्वतंत्र माणूस असतो. मला याचं फार मोल वाटतं. निकाल लागला की बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवहीत, नावाशेजारी, समासात लग्न रद्दबातल ठरल्याची एक ओळ चढते. ती पाहून रडलेल्या बाई मला आठवतात.

कोर्टाच्या घटस्फोटाला दोघांची संमती असेल तर ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोट कायद्यात 2001 च्या दुरुस्तीनं आलेलं कलम 10अ बघा. त्यात आधी काही काळ वेगळं राहण्याची अट आहे, ती पाहून अर्ज करा.