मदत हवी आहे: नवरा 'मदत' करतो पण लक्षात सगळं मीच ठेवायचं का?

लग्नाला ९ वर्षं झाली, दोघंही नोकरी करतो. नवरा वाईट नाहीये, सांगितलं की करतो, पण सांगावंच लागतं हाच प्रॉब्लेम आहे. परवा म्हटलं मशीन लाव, तर लावलं, आणि कपडे रात्रभर आतच ओले, सकाळी वास. विचारलं तर म्हणे "वाळत घाल असं कुठे बोललीस?" आता यावर काय बोलणार!

मुलीच्या लसीची तारीख, शाळेचे मेसेज, सासूबाईंच्या गोळ्या संपत आल्यात हे सगळं माझ्याच डोक्यात. शाळेच्या ग्रुपवर पण फक्त मी, बाबा लोक नाहीतच. संयुक्त राष्ट्रांच्या १९७९ च्या महिला करारात मुलांना वाढवणं ही आईबाप दोघांची जबाबदारी असं चक्क लिहिलंय, हे त्याला वाचून दाखवलं तर हसला नुसता. आई म्हणते अगं तो करतो तरी, तुझ्या बाबांनी कप उचलला नाही कधी.

कोणी एखादं काम आठवणीसकट पूर्ण नवऱ्याकडे सोपवलंय का? आणि तो विसरला तर मध्ये न पडता गप्प कसं बसलात? गोळ्यांच्या बाबतीत तर मला ते जमतच नाही. भांडण न करता कसं बोलायचं तेही सांगा प्लीज.